चुकारा हाती येण्याआधी नाताळचा हिशेब

आमच्याकडे विदर्भात नाताळ कापसाच्या पैशाबरोबर येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा घरात पडतो, नोव्हेंबरात दुसरा, आणि डिसेंबर लागेपर्यंत वर्षभरात कधी नसतो एवढा पैसा घरात दिसायला लागतो. दिसतो, पण तो आपला नसतो. कृषी केंद्राची उधारी, वेचणीची मजुरी, हरभऱ्याचं खत, लेकरांची फी हे सगळे दारात उभेच असतात, आणि त्यांच्यामधूनच २५ डिसेंबर येतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका व्यापाऱ्याला कापूस दिला. चिठ्ठी मिळाली, चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, पंधरा दिवसांत देतो म्हणाला. त्या चिठ्ठीच्या भरवशावर आम्ही कपडे उधार घेतले, किराणा उधार घेतला, तालुक्याहून मोठा केक मागवला. पैसे आले जानेवारी सरता सरता. तोवर दुकानदार दोनदा घरी येऊन गेला होता. नवी तूर निघाली तीच विकून त्याचं देणं फेडलं. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण तुरीचं पोतं बंडीत (बैलगाडीत) टाकताना त्यांनी त्यावरून हात फिरवला, तो मला अजून दिसतो. त्या वर्षापासून आमच्या घरी नाताळचा आकडा पैसा येण्याआधी ठरतो. आम्ही हे कसं करतो ते क्रमाने सांगते. तुमच्या घराप्रमाणे आकडे बदला, क्रम मात्र बदलू नका.

वही आणि आकडा: सीतादहीच्या दिवशी

गावातले शेजारी पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादहीची पूजा करतात. त्या दिवशी मी वही काढते. तारीख लक्षात राहते आणि पुढे अडीच-तीन महिने हातात असतात.

वहीत डाव्या पानावर आधी देणी लिहा, सणाचं काहीही नाही. मजुरी, उधारी, रब्बीचं बियाणं आणि खत, फी, सोसायटीच्या कर्जासाठी बाजूला काढायचे. मग पहिल्या दोन वेच्यांचा आणि सोयाबीनचा अंदाज हात राखून धरा. पहिल्या वेच्यात जास्त कापूस दिसला म्हणून पुढचेही तसेच येतील असं धरू नका. देणी वजा करून जे उरेल त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नाताळ जाऊ द्यायचा नाही, हा आमचा नियम. एखाद्या वर्षी बोंडअळीने खाल्लं तर आकडा निम्मा होतो. तो निम्मा आकडासुद्धा वहीत आधीच लिहिलेला असावा, म्हणजे ऐनवेळी घरात वाद होत नाही.

पैसा कधी येणार हेही धरा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर कापूस दिला तर पैसे थेट बँक खात्यात जमा होतात, रोख हातात मिळत नाही. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर ते काम ऑक्टोबरातच उरका. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला की माल परत येतो, म्हणून सकाळच्या दवाचा कापूस थेट गाडीत भरू नका, दोन दिवस उन्हात घाला. नाताळचा खर्च शेवटच्या गाडीच्या चुकाऱ्यावर ठेवला की घोळ झालाच म्हणून समजा. पहिल्या वेच्यातून किंवा सोयाबीनमधून तो बाजूला निघाला पाहिजे.

घरची सहा माणसं आणि पाहुणे धरून २५ तारखेला वीस जणांची पंगत, असं समजून १५,००० रुपयांचा आमचा हिशेब असा असतो. दान, चर्चच्या मंडळीची वर्गणी आणि कॅरलवाल्यांसाठी (नाताळची गाणी गात दारोदार येणाऱ्यांसाठी) १,५००. कपड्यांना ५,०००. फराळ आणि केक २,५००. जेवण ३,५००. येणंजाणं १,२००. चांदणी, गव्हाणीचा देखावा आणि दिवे मिळून ३००. उरलेले १,००० राखीव. ते कशासाठी हे लिहायचं नाही, कारण लिहिलं की ते खर्च होतात.

दान मी पहिलं लिहिते आणि पहिलं बाजूला काढते. सगळं आटोपल्यावर उरेल ते देऊ म्हटलं की काही उरत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. प्रत्येक आकड्याचं एक जुनं पाकीट करा आणि सगळी पाकिटं एका डब्यात ठेवा. कपड्यांच्या पाकिटातून जेवणासाठी घ्यायचे असतील तर घरातल्या दोघांनी मिळून ठरवायचं.

कापूस नसलेल्या, मजुरीवर चालणाऱ्या घरांनी जानेवारीपासूनच बचत गटात किंवा ओळखीच्या बायकांच्या भिशीत पैसे टाकावेत, आणि आपला नंबर नोव्हेंबरात मागून घ्यावा. आठवडी हप्त्याचं कर्ज सणासाठी घेऊ नका. त्याचा हप्ता वेचणी संपल्यावर, काम नसतानाही सुरूच राहतो.

माणसं आणि ताटं

मटण किती आणायचं असं मी सासूबाईंना एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आधी माणसं मोज, मंग मटण मोजू." वहीचं दुसरं पान म्हणूनच माणसांचं.

तीन याद्या करा. पहिली मुक्कामाला येणाऱ्यांची: नणंद, जावई, त्यांची लेकरं, किती रात्री राहणार. दुसरी २५ तारखेला उपासनेनंतर जेवायला येणाऱ्यांची. तिसरी ताटांची, आणि तीच सगळ्यात लांब असते. दिवाळीत शेजारच्या घरांतून आपल्याकडे फराळ येतो, ईदेला शिरखुर्मा येतो. नाताळला आपलं ताट त्या प्रत्येक घरी गेलंच पाहिजे. आमच्याकडे बावीस ताटं जातात. लेकरं नवे कपडे घालून, ताटावर विणलेला रुमाल झाकून घरोघर फिरतात, आणि ताट रिकामं परत येत नाही: कुणी साखर घालतं, कुणी ओल्या तुरीच्या शेंगा. पैसे कमी असतील त्या वर्षी एक जिन्नस कमी करा, एक घर कमी करू नका.

एका ताटात दोन करंज्या, दोन चकल्या, मूठभर चिवडा, थोडी शंकरपाळी आणि केकचा एक तुकडा, एवढं पुरे. बावीस ताटांना ४४ करंज्या लागतात. अर्धा किलो रव्या-मैद्यात मध्यम आकाराच्या चाळीसेक होतात, म्हणजे ताटांना आणि घरच्यांना मिळून एक किलो लागतो. आधी आम्ही अंदाजाने अडीच किलोच्या करत होतो आणि जानेवारीत त्या मऊ पडून गुरांपुढे जायच्या.

गाडी आणि एसटी

पुण्या-मुंबईहून कुणी येणार असेल तर हे काम दिवाळीच्याही आधी येऊ शकतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. २३ डिसेंबरला निघायचं तर तिकीट २४ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता खुलं होतं. महाराष्ट्र एक्सप्रेस आणि विदर्भ एक्सप्रेस या दोन्ही गाड्या बडनेरा, वर्धा करत येतात आणि लवकर भरतात. परतीचं तिकीटही त्याच हिशेबाने काढायला सांगा. नाहीतर खासगी बसचं सुट्टीतलं भाडं माणसाला परवडत नाही, आणि मग लेक येतच नाही.

जवळच्या जिल्ह्यांतून येणाऱ्यांना एसटी बरी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या वरच्यांना मोफत. म्हाताऱ्या आत्याला आणायला वेगळी गाडी करण्याआधी हे मोजून पाहा. तिच्या वयाचा पुरावा मात्र सोबत असू द्या.

कपडे

लेकरांचं कापड दिवाळी संपल्यावर आठ-दहा दिवसांनी घ्या. तेव्हा दुकानदाराला उरलेला माल काढायचा असतो. पण शिलाईला उशीर करू नका. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि शिंप्याकडे ब्लाउजांचा ढीग पडतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कापड दिलं तर तो हो म्हणेल आणि २४ तारखेला रात्री तुमचं लेकरू त्याच्या दुकानासमोर बसलेलं असेल.

मोठ्यांचे कपडे आम्ही आळीपाळीने घेतो, एका वर्षी ह्यांना सदरा, पुढच्या वर्षी मला साडी. सासूबाईंना दरवर्षी. लेकरांना एक माप मोठं घ्या आणि हेम दुमडून घ्या, पुढच्या वर्षी सोडता येतो.

जेवण

फराळ धरून सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि सगळ्यात जास्त वाचवताही इथेच येतो, फक्त सुरुवात पावसाळ्यात करावी लागते. जून-जुलैत खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवा. २१ दिवसांत पिल्लं निघतात, आणि नाताळपर्यंत चार-पाच महिन्यांचे गावरान कोंबडे तयार होतात. घार-मुंगूस नेऊन पाच-सहा उरले तरी २४ तारखेच्या रात्रीचा रस्सा घरचा होतो.

मटणाला बकरा हिश्श्यात घ्या. चार-पाच घरं मिळून एक बकरा घेतात, वाटे पाडतात आणि किलोच्या भावापेक्षा बरंच स्वस्त पडतं. जिवंत वजनाच्या साधारण निम्मं किंवा थोडं कमी मटण निघतं, म्हणजे २० किलोच्या बकऱ्याचं नऊ-दहा किलो. रश्शाच्या जेवणाला माणशी दीडशे ग्रॅम पुरतं, कारण आपल्याकडे रस्सा आणि भाकरच जास्त जाते. वीस माणसांना तीन किलो. बकरा शेवटच्या आठवडी बाजारात घेऊ नका, तेव्हा विकणाराही नाताळ आहे हे ओळखून असतो. दोन-तीन आठवडे आधी घेऊन घरी बांधा. त्याला पऱ्हाटीचा (कपाशीचा) पाला मात्र घालू नका, फवारणीचं औषध त्यावर असतं. गवत, बाभळीच्या शेंगा, तुरीचं कुटार (भुसा) द्या.

मटण न खाणाऱ्या शेजाऱ्यांसाठी वेगळ्या गंजात (पातेल्यात) पातोडी रस्सा करा. बेसन घरच्या हरभऱ्याचं, खर्च जवळजवळ नाहीच, आणि मान राहतो. भात सोल्यांचा, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांचा, करा. डिसेंबरात ओली तूर वावरातच असते. वाटाणे विकत आणून पुलाव करण्याची हौस मला कधीच कळली नाही. मिरच्या, लसूण, सांबार (कोथिंबीर) घरामागे लावा. सांबार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरला तर बरोबर २५ तारखेला कापायला येतो.

तेल, साखर, मैदा, रवा, खोबरं हे तीन-चार घरांनी मिळून नोव्हेंबरच्या शेवटी तालुक्याच्या ठोक दुकानातून आणा. एकट्याने पाव-पाव किलो आणण्यात पैसे जातात आणि चक्करही वाढते. नानकटाई घरी भाजायच्या भरीस पडू नका. मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन बेकरीत जा, ते किलोवर भाजणावळ घेतात. फक्त २० तारखेच्या आत जा, नंतर तिथे रांग असते.

केक कुकरमध्ये

केक आम्ही घरीच करतो, संत्र्याचा. आंबिया बहाराची संत्री या दिवसांत बाजारात असतात आणि त्यांच्यासारखा वास बाटलीतल्या इसेन्सला येत नाही.

आदल्या रात्री मनुका, बारीक चिरलेला खजूर, तुटीफ्रुटी आणि मूठभर चारोळी मिळून दीडशे ग्रॅम, एका संत्र्याच्या रसात भिजत घाला. एकच रात्र. जास्त दिवस बाहेर ठेवलं तर आंबतं.

दुसऱ्या दिवशी संत्र्याची साल किसा. इथे एक खुबी आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसणीवर धरताच येत नाही. म्हणून अख्खं संत्रं धुऊन, पुसून, हलक्या हाताने किसणीवर फिरवा. वरचा केशरी थरच यायला हवा, पांढरा आला की केक कडू होतो. एका संत्र्याचा कीस जेमतेम एक चमचा निघतो आणि तेवढ्याने घर दरवळतं.

२५० ग्रॅम मैदा, दोन सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ तीनदा चाळा. ४ अंडी आणि २०० ग्रॅम पिठीसाखर फेस जाड होईपर्यंत फेटा, दहा मिनिटं तरी. त्यात दीडशे मिली तेल धारेने घाला. फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल नको, त्याचा वास लागतो, सोयाबीनचं चालतं. मग मैदा थोडा थोडा, मध्ये अर्धी वाटी संत्र्याचा रस, आणि साल. एकाच दिशेने, हळू. भिजलेला मेवा निथळून त्याला चमचाभर कोरडा मैदा चोळा, नाहीतर तो तळाला बसतो.

कुकरची शिटी आणि रबर काढा. तळाला दीड वाटी जाडं मीठ पसरा, त्यावर जाळी, पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं तापवून तेल-मैदा लावलेला डबा आत ठेवा. डबा अर्ध्याच्या थोडाच वर भरा. मंद आचेवर ५० ते ६० मिनिटं. पहिली चाळीस मिनिटं झाकण उघडू नका, किती वास आला तरी. विणायची सुई मधोमध खुपसा, कोरडी आली की झाला. पूर्ण थंड होऊ द्या, दुसऱ्या दिवशी कापा. बावीस ताटं आणि घर यांना असे दोन केक लागतात. तेच मीठ पुढच्या वर्षीच्या केकसाठी डब्यात भरून ठेवा, खायला वापरू नका.

चांदणी आणि गव्हाण

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये येतो. चांदणी त्या संध्याकाळी लागली पाहिजे. बांबूच्या दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या घ्या, पाच-पाचच्या दोन सपाट चांदण्या बांधा, एकीवर एक ठेवून पाचही टोकं घट्ट बांधा. मग आतल्या पाच कोपऱ्यांत चार-चार इंचांच्या काड्या अडकवा, चांदणी फुगते. पतंगी कागद मैद्याच्या खळीने चिकटवा, एक पाकळी बल्ब घालायला उघडी ठेवा. दवाने कागद सुटतो, म्हणून छपरावर नको, ओसरीत टांगा. आत ५ वॉटचा एलईडी घाला. रोज दहा तास, महिनाभर लावला तरी दीड युनिट होतं. जुना ६० वॉटचा लावला तर १८ युनिट, आणि कागद जळण्याची भीती वेगळी.

देखाव्याला विकत काही आणू नका. ज्यांच्या कोठ्यात (गोठ्यात) खरी गव्हाण आहे त्यांनी प्लास्टिकची का आणावी? तुराट्यांच्या भिंती, कडब्याचं छप्पर, खाली कुटार. मेंढ्यांना सरकीसकटचा कापूस. मूर्ती लेकरांकडून मातीच्या करून घ्या आणि उन्हात वाळवा. आमच्या धाकटीने केलेल्या गाढवाला एक कान नाही, सहा वर्षं तेच गाढव आहे.

कॅरलची रात्र

चर्चच्या पाळकसाहेबांकडून तारीख आधीच विचारून घ्या. वीस-पंचवीस माणसं रात्री अकराला थंडीत दारात येतात. त्यांना आल्याचा चहा आणि फुटाणे-चिवडा द्या, करंज्या काढू नका, नाहीतर ताटांना कमी पडतात. दुधाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा. मंडळीत कुणी किरायाच्या साऊंडची वर्गणी काढली तर प्रेमाने विरोध करा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाची चाल आपल्या उपासनेत आणली, ती टाळ-ढोलकीवरच खुलते. वाचलेल्या पैशांत मंडळीतल्या एखाद्या विधवेच्या घरी किराणा जातो, आमच्याकडे दोन वर्षं तसंच चाललं आहे.

शेवटचा आठवडा

१८ तारखेपर्यंत चिवडा आणि शंकरपाळी, २० ला चकल्या, २२ ला करंज्या, २३ ला केक. तळणाचं काम दोन-तीन घरच्या बायकांनी एकेका घरी बसून करावं, लाकडं आणि तेल दोन्ही वाचतात. अंथरुणं २१ ला उन्हात घाला. २४ ला बाजारात जाऊ नका, काही राहिलं असेल तर त्याशिवाय करा. मटणाचा मसाला २४ ला दुपारीच वाटून ठेवा, म्हणजे रात्रीच्या उपासनेला घरातली बाईसुद्धा शांतपणे बसू शकते. या गोष्टीसाठी मी दरवर्षी भांडते.

२६ ला पाहुणे असतातच. त्या दिवशी पुन्हा मटण नको. वावरात गोवऱ्या पेटवून रोडगे लावा, वांग्याची भाजी करा. गहू घरचा, वांगी घरची, आणि शहरातल्या लेकरांना सगळ्यात जास्त आठवतो तो हाच दिवस.

नव्या वर्षाची उपासना झाली की २ जानेवारीला वही पुन्हा काढा. कुठल्या पाकिटात किती उरले, करंज्या किती उरल्या, कुणाचं ताट चुकलं, कोण आलं नाही, सगळं लिहा. चांदणीचा कागद काढून सांगाडा माळ्यावर टाका, पुढच्या वर्षी फक्त दोन ताव कागद लागतो. राखीव हजारातले जे उरले असतील ते त्याच आठवड्यात भिशीच्या पहिल्या हप्त्यात भरा.